माळोबाची खोळ

२८ नोव्हेंबर २०२४

दीपा,

आशीर्वाद आधी, रागावणं मागाहून. फोन तू उचलत नाहीस, आणि चुकून उचललास तर आपण मायलेकी 'जेवलीस का'च्या पुढे सरकत नाही. म्हणून कागद घेतला. पत्र फाडायचं झालं तरी आधी हातात घ्यावं लागतं, आणि हातात घेतलं की तू वाचल्याशिवाय राहणार नाहीस, एवढं मी तुला ओळखते.

मतदान झालं आणि गाव रिकामं झालं. ट्रॅक्टर भरून माणसं ऊसतोडीला गेली, कोणी माजलगावकडे, कोणी पार कर्नाटकात. निघताना सगळ्या गाड्या माळोबापुढे थांबल्या आणि तुझ्या अण्णांनी एकेकाच्या कपाळाला अंगारा लावला. आता अंगणवाडीत म्हाताऱ्यांपाशी ठेवलेली पोरं तेवढी येतात. त्यांना खिचडी घातली, कुलूप लावलं, की मी माळावर जाऊन बसते. घरात बसून काय करू? अण्णा बोलत नाहीत आणि भिंतींशी बोलायची सवय मला लागू द्यायची नाही.

माळोबा तसाच आहे. गुडघ्याएवढा, गोल, शेंदरी, डोक्यावर ऊन. तू काढून नेलेल्या कपच्याची जागा अण्णांनी शेंदूर-तेलाने लिंपून बुजवली आहे. बघणाऱ्याला दिसत नाही. पण अंघोळ घालताना त्यांचा अंगठा रोज तिथे थांबतो. मी पाहते, आणि पाहिलं नाही असं दाखवते.

तीन यात्रा झाल्या त्या गोष्टीला. भरल्या यात्रेत तू पिशवीतून तो इवलासा हातोडा काढलास आणि देवाच्या खांद्याला टक् करून मारलास. रुपयाच्या नाण्याएवढा कपचा निघाला. "भिंगाखाली बघायचाय, आतून दगड कुजतोय," असं तू सांगत होतीस, पण ऐकायला कोण होतं? गावाने तो कपचा संध्याकाळपर्यंत ताटाएवढा केला. आणि घरात पिढ्यान्‌पिढ्या माळोबाची पूजा, म्हणून अण्णांना सगळ्यांदेखत बोलावं लागलं, "जवर देवाचं अंग पयल्यासारखं व्हत न्हाई, तवर माज्या दारात पाय ठिवू नको."

दगडाला खपली धरत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. म्हणजे 'कधीच येऊ नको' हे सरळ म्हणायला जीभ रेटली नाही, म्हणून त्यांनी ते असं वळसा घालून म्हटलं. आणि तू त्यांचीच लेक, तेच शब्द धरून डेहराडूनला जाऊन बसलीस. तिथे म्हणे मोठमोठे डोंगर आहेत. असतील. आमचा एक धोंडा तुम्हा दोघांना पुरला.

मी तुला बोलावत नाहीये. नुसतं कळवते आहे.

आई

१६ जानेवारी २०२५

दीपा,

तिळगूळ पोचला असेल तर खाऊन टाक. भांडण चालू ठेवून खाल्लास तरी माझी हरकत नाही.

तुझं पाकीट मिळालं. आत पत्र नाही. एक फोटो आणि त्याच्या पाठीवर एवढंच, 'माळोबा, आतून. भिंगाखाली. उरलेला कपचा माझ्याजवळ आहे.' तेवढं वाचायला मला सबंध दुपार लागली.

केवढे रंग गं ते. पिवळे, निळे, जांभळे, रांगोळीच्या पुड्या एकात एक सांडाव्यात तसे. आपल्या काळ्या धोंड्याच्या पोटात हे सगळं होतं आणि आम्ही वरून शेंदूर फासत बसलो. कडेला मात्र तपकिरी डाग पसरलेत. ते मी ओळखले. तू शाळेत होतीस, मांजरसुंब्याचा रस्ता रुंद करायला डोंगर कापला होता, आणि कापलेल्या मुरमात गोल गोल दगड बसलेले होते. तू फतकल मारून एकेक दगड सोलत बसलीस. पापुद्रा काढला की आत दुसरा, त्याच्या आत तिसरा. "आई, हा दगड नाही, कांदा आहे," म्हणालीस. हात त्याच तपकिरी रंगाने भरले होते. शाळेचा झगाही भरला म्हणून मी तुला धपाटा घातला होता.

पुढे कॉलेजातून आलीस की सांगायचीस. दिवसा ऊन तापवतं, पहाटेचा गार वारा निववतो, दगड किंचित फुगतो, किंचित आखडतो, आणि त्यातून भेगा पडतात. भेगेत पावसाचं पाणी शिरतं. आतलं लोखंड गंजतं. चमकणाऱ्या कणांची माती होते, माती फुगते आणि वरचा पापुद्रा सुटतो. कोपऱ्याला तीन बाजूंनी पाणी लागतं म्हणून कोपरे आधी जातात, आणि चौकोनी दगड गोल होत जातो. हे मी काल अण्णांना भाकरी वाढता वाढता सांगितलं. म्हणाले, "मान्साचं बी तसंच आस्तंय. पर काही कोपरे लई जाड आस्त्यात." कोणाबद्दल बोलले ते तूच ठरव.

हल्ली दुपारी मी माळोबाशेजारच्या सपाट खडकावर आडवी होते. थंडीतही पाठीला ऊब लागते. डोळे मिटले की वाटतं, अख्खा डोंगर माझ्याखालून हळूहळू चालला आहे. कण सुटतोय, ओहोळात जातोय, ओहोळातून रानात. आपल्या रानातली काळी माती म्हणजे उतरून आलेला डोंगरच, असं तू म्हणाली होतीस. त्या मातीत ज्वारी, ज्वारीची भाकरी, ती भाकरी खाऊन तू वाढलीस. मग डोळे मिटल्या मिटल्या मला उलटं दिसायला लागतं. तू डेहराडूनला भिंगावर वाकली आहेस, आणि भिंगाखाली तूच आहेस, रंगीबेरंगी. जाग येते तेव्हा गालावर खडकाच्या खरखरीत खुणा उमटलेल्या असतात. खडकावर ती करडी-हिरवी बुरशीसारखी वर्तुळं आहेत ना, तीही दगड खातात म्हणालीस. तशाच जातीचं दगडफूल आपण मसाल्यात घालतो. दगड खाणाऱ्यालाही खाणारी माणसं आपण.

फोटो मी देव्हाऱ्यात उभा केला. अण्णांनी विचारलं, "ह्ये काय?"

"माळोबा. आतून," मी म्हटलं.

बराच वेळ पाहत राहिले. मग चपला घालून बाहेर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी फोटोच्या वरच्या कडेला अंगाऱ्याचं बोट ओढलेलं होतं. मी ओढलेलं नाही.

आई

९ मार्च २०२५

दीपा,

हे बसून वाच.

परवा माळोबाला अंघोळ घालताना तांब्या त्याच्या खांद्याला लागला. नेहमी टणकन आवाज यायचा. या वेळी डबडब आला. मी बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं. पिकलेलं कलिंगड वाजवतात तसं. मागे फिरून वाजवलं, पायाशी वाजवलं, सगळीकडे पोकळ. बुडाशी केसाएवढी भेग गेली आहे आणि तिच्यातून तपकिरी पूड गळते. अण्णा ती पूड रोज हाताने गोळा करून तुळशीत टाकतात.

तू ओरडून सांगत होतीस ते तेव्हा आठवलं. त्या यात्रेत नाथा मुकादमाने बीडहून ऑइलपेंटचा डबा आणला होता. टोळी सुखरूप परत आली म्हणून भक्तीने आणला होता, त्याला नावं ठेवून उपयोग नाही. "दर आठवड्याला शेंदूर कशापायी लावायचा? येकदा पेंट मारला की लई वर्सं बगायला नगं," म्हणाला. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, केशरी रंग कसा चकचकीत दिसत होता. तू एकटी म्हणत होतीस की दही, लिंबू, वाहिलेलं मीठ, वरचं पाणी, सगळं भेगेतून आत जाईल आणि रंगामुळे बाहेर यायला वाट उरणार नाही. आत साचेल आणि कुजेल. आणि हे सिद्ध करायला तू हातोडा काढलास. आमच्या घरात कोणाला नुसतं बोलून थांबता येत नाही.

एक सांगते, ते तुला ठाऊक नाही. तू गेल्यानंतर अण्णांनी तो डबा पुन्हा उघडला नाही. शेंदूर-तेलावर परत आले. 'तुझं ऐकलं' असं ते मरेपर्यंत म्हणणार नाहीत. डबा गोठ्याच्या आढ्याला आहे, आतला रंग वाळून धोंडा झालाय.

आप्पारावांनी पोकळ आवाज ऐकला आणि लगेच कर्नाटकात नाथाला फोन लावला. फोनवरच ठरलं, यात्रेच्या आत देव सिमेंटात बसवायचा, वरून फरशी. आप्पाराव गावातले सगळ्यात म्हातारे, त्यांच्यापुढे कोणी बोलत नाही. अण्णा बोलले.

"न्हाई," म्हणाले.

"आन् पडला म्हंजी?"

"पडू दे. त्याची खोळ हाय. त्याला टाकायची तवा टाकील."

खोळ हा शब्द मी कितीतरी वर्षांनी ऐकला. अण्णा लहान असताना माळोबाने एकदा खोळ टाकली होती. वर्षानुवर्षांचे शेंदराचे थर आपोआप सुटून खाली आले. देवाने टाकलेली खोळ पुजाऱ्याच्या लेकीच्या पदरात घालतात. ती अनवाणी जाऊन सिंदफणेत सोडते. दुसऱ्या कोणी शिवायचं नाही, आणि खोळ अख्खी गेली पाहिजे, कपचाही मागे ठेवायचा नाही. त्या वेळी तुझ्या कौशल्याआत्याच्या पदरात घातली होती. परकरी पोर, आईचं लुगडं गुंडाळून गेली होती म्हणे.

आज दुपारी मी एकटीच होते. हातात खुरपं होतं, गवत काढायला नेलेलं. भेगेत टोक घातलं असतं तर एका हिसक्यात पापुद्रा आला असता. बोटभर जाडीचा असेल. आणि तू काढलेला कपचा किती जाड होता ते तुला माहीत आहे; त्याहून जाड नसेल तर ती खाचही पापुद्र्याबरोबरच निघून आली असती. माझ्या डोक्यात काय आलं ते तुला कळलं असेल.

खुरपं खाली ठेवलं. देवाला सोलायला मी काय तू आहे? पण डोळा लागला तेव्हा स्वप्नात माळोबा उठून चालत ओढ्यावर गेला. काठावर बसून एकेक कपडा काढून ठेवत होता, लाल, केशरी, तपकिरी. मी पाठ फिरवून उभी होते आणि त्याला म्हणत होते, सावकाश काढ बाबा, कोणी बघत नाही.

आई

२१ एप्रिल २०२५

दीपा,

टाकली.

गेल्या आठवड्यात ऊन असं तापलं होतं की माळावर पाय टेकवत नव्हता. माळोबाला हात लावला तर चटका बसायचा. दुपार कलली आणि आभाळ एकदम काळं झालं, वारं सुटलं आणि गारा कोसळल्या. तापलेल्या तव्यावर पाणी मारावं तसा सगळा माळ चरचरला. अण्णा डोक्यावर पोतं घेऊन धावले. मी मागून, डोक्यावर परात घेऊन. परातीवर गारा अशा वाजत होत्या की मला अण्णांची हाक ऐकू आली नाही.

आम्ही पोचलो तेव्हा ते घडून गेलं होतं. खोळ एका अंगाने सरकून वाळल्या फुलांच्या ढिगावर टेकली होती. शेंदूर, त्याखाली नाथाचा पेंट, त्याखाली जुना शेंदूर, आणि त्याला चिकटून आलेला दगडाचा तपकिरी पापुद्रा. आणि आत माळोबा उभा. काळा, ओला, गुळगुळीत, पहिल्यापेक्षा जरासा लहान. गारा त्याच्या डोक्यावर पडून घरंगळत होत्या. एवढी वर्षं मी त्याची पूजा केली, पण त्याला पाहिलं त्या दिवशी. मी तिथेच चिखलात बसले आणि रडले. का ते मला नीट सांगता येणार नाही.

अण्णांनी खांद्यावर अंगठा फिरवला. जिथे रोज थांबायचा तिथे थांबला नाही. त्यांनी परत फिरवला. मग दोन्ही हातांनी सगळा खांदा चाचपला, आंधळा माणूस ओळखीचा चेहरा चाचपतो तसा. मग खाली बसून खोळ पाहिली. तिला भोक होतं, रुपयाएवढं. लिंपलेला शेंदूर गारांनी निखळला होता आणि त्यातून पलीकडची फुलं दिसत होती.

अण्णांनी आपला टॉवेल खोळीवर पांघरला.

तोवर टोळ्या परतल्या होत्या. देवाने खोळ टाकली म्हणून गावभर आनंद. ज्यांनी सिमेंट सांगितलं होतं तेच म्हणायला लागले की आम्हाला ठाऊकच होतं. आता ती कोणाच्या पदरात घालायची? कोणीतरी कड्याला, आत्याच्या सासरगावी, जाऊन कौशल्याआत्याला घेऊन आलं. आत्याची कंबर वाकली, जीभ नाही वाकली. माळोबापुढे बसल्या, चहा प्यायल्या, मग भावाकडे, अण्णांकडे, वळून म्हणाल्या, "आज्या, माजा पदर येकडाव झाला. त्येच त्या लेकीला देव दोनदा न्हाई देत."

अण्णा म्हणाले, "मंग कुनाला?"

"मला इचारतो व्हय? तुज्या घरात लेक न्हाई का?"

आप्पाराव घसा खाकरून म्हणाले, "आवो कौशल्याबाई, त्या पोरीनंच तर देवाचा कपचा काढलाय."

"कुटं?" आत्या म्हणाल्या. "दाव की मला. माजी नदर आदू झाली. देवाच्या आंगावर बोट ठिवून दाव, कुटं काढलाय."

आप्पाराव उठले, वाकले, एका बाजूने पाहिलं, दुसऱ्या बाजूने पाहिलं. नाथाही वाकला. मग बरीच माणसं वाकली. एवढी माणसं एका धोंड्याभोवती वाकलेली, आणि बोट ठेवायला कोणाला जागा सापडेना. आत्या पानाला चुना लावत बसल्या होत्या. अण्णा तांब्या घेऊन पाणी आणायला गेले. तांब्या भरलेलाच होता.

हे होऊन आठवडा होत आला. अण्णा अजून काही बोलले नाहीत. आत्या इथेच मुक्कामाला आहेत, रोज सकाळी त्यांना विचारतात, "मंग, आज्या?" आणि ते रानात निघून जातात. खोळ घरात आणून पाटावर ठेवली आहे. आत्यांनीच आणली, म्हणाल्या, मला चालतं. मला आता भीती वाटते ती अण्णांच्या गप्प बसण्याची. शब्द पाळायला अडचण होती तोवर त्यांना सोपं होतं. आता अडचण गेली आणि माणूस उघडा पडला. तू मला फार हवी आहेस, दीपा. घरात तुझ्या चपला हव्या आहेत, तुझे दगड खिडकीत हवे आहेत, माझ्याशी कोणीतरी वाद घालायला हवं आहे.

पण मी तुला बोलावत नाहीये. ज्यांनी हाकललं त्यांनी बोलवावं. मी फक्त माझी निळी इरकल उन्हात टाकली आहे. तुझ्या पँटीला पदर नसतो.

आई

२ मे २०२५

दीपा पोरी,

आशिर्वाद. अक्शर वंगाळ हाय, समजून घे. तुज्या आईला म्हनलं तू लिही, तर ती म्हनली माजा पेन मोडला. पेन तिच्या कानाला हाय.

माळोबा खुशाल हाय. आत्ता त्याला नुसतं पानी घालतो. शेंदूर लावायचा का तेल, दही वतायचं का न्हाई, मीठ कुटं ठिवायचं, ते तू आल्यावर सांग. गावाफुडं सांगू नको. मला सांग, मी गावाला सांगीन.

काल घरात कुनी नव्हतं तवा खोळ उलटी करून बगितली. आतून तपकिरी हाय. फोटूत हायत ते रंग मला कुटं दिसंनात. उनात धरून बगितली, पान्यात बोट भिजवून पुसून बगितली. न्हाई दिसले. तुजं यंत्र घरी आनता येत आसंल तर आन.

मी जे बोललो ते बोललो. देवाचं आंग पयल्यासारखं झालं हाय, गावानं वाकून बगितलं. देवाचं झालं, मान्साला टाइम लागतो. तुजी आत्या रोज इचारती.

आता कामाचं. खोळीला भोक हाय. खोळ अपुरी पान्यात सोडत न्हाईत. तुज्याजवळ हाय तो तिचाच कपचा हाय, देवाचा न्हाई. तो घिऊन ये. टपालानं धाडू नको.

कोन्च्या गाडीनं येती ते आईला कळीव. मी मांजरसुंब्याला उबा ऱ्हातो.

अण्णा